कागद उलटून बघा

मतदान चर्चच्या तळघरात होतं. दारापासून शंभर फुटांवर बर्फात निळी रेघ मारलेली. प्रचार करायचा तो तिच्या बाहेर. तिथं एका अंगाला हत्ती निशाणीच्या पक्षाचा, हत्तीवाल्यांचा तंबू, दुसऱ्या अंगाला गाढव निशाणीच्या, गाढववाल्यांचा. मधोमध न्यायाधीश इर्मा निएमेला आपली पाटी धरून एकटी उभी होती. दोन्ही तंबूंत गरम कॉफी होती, पण तिनं सकाळपासून घोटही घेतला नव्हता. एकीकडची घेतली असती, तर दुसरीकडच्यांनी दुपारपर्यंत गावभर केलं असतं.

आमच्याकडे न्यायाधीश निवडून द्यायचा असतो, पण पक्षाविना. म्हणून त्याचं नाव मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी. पुढच्या बाजूला सगळ्यात वरचा पक्षाचा गोल काळा केला, की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं, न्यायाधीशाला मात्र नाही. गेल्या खेपेला इर्मा एकतीस मतांनी तरली होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "कागद उलटून बघा." माणसं मान हलवायची आणि आपापल्या तंबूकडे वळायची.

तिचा थोरला भाऊ आर्विड मत देऊन बाहेर आला. खिशातून फडक्यात गुंडाळलेली, करंजीसारखी खिमा भरलेली पेस्टी काढून त्यानं तिच्या हातात ठेवली.

"खा आधी. ओठ बघ कसे काळेनिळे पडलेत."

"लवकर आटोपलं रे तुझं."

"वेळ कशाला लागतोय? सगळ्यात वर गाढववाल्यांचा गोल काळा केला. एका फटक्यात आपले सगळे. तूही आलीस त्यात."

इर्माचा घास तोंडातच राहिला. "तुला सांगितलं होतं ना, कागद उलट म्हणून?"

"ते परक्यांना गं." त्यानं आवाज खाली आणला. "वीस वर्षं विचारलं नाही, इर्मे. आज सांगून टाक. तू आपल्यातलीच ना?"

न्यायाधीशानं आपला पक्ष सख्ख्या भावालाही सांगायचा नसतो, याचं तिला रडूच आलं. "पेस्टी छान झालीय," ती म्हणाली.

आर्विड टोपी कानांवर ओढून आपल्या तंबूत गेला.

तेवढ्यात शाळेतल्या जुन्या बाई, मिसेस प्रुइट, तळघराच्या पायऱ्या चढून आल्या. कोटावर हत्तीचा बिल्ला. त्यांनी इर्माचा थंडगार हात दोन्ही हातांत धरला.

"काही काळजी करू नका, जजबाई. वरचा एकच गोल केला, काम फत्ते. तुम्ही बोलत नाही, पण मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तुम्ही आमच्याच."

"हो," इर्मा म्हणाली. "सगळे हेच म्हणतात."