नाही म्हणायचं कडवं

कंदेलारियानं दार पुन्हा उघडलं.

"मावशी!" बाहेरून पंधरा गळे एकदम ओरडले. "बंद कर! बंद कर!"

दारात संत योसेफ उभा होता. आठ वर्षांचा बेतो, कापसाची दाढी एका कानाला लोंबकळत असलेला. मागे गाढव. गाढवाच्या घोंगडीखाली दोन पोरं होती, आणि मागचा पुढच्याला लाथा घालत होता. गाढवावर मरियामाता बसली होती. हातात मेणबत्ती, नाकात शेंबूड. कंदेलारियाला बंद दाराच्या फटीतून ते लाल नाक दिसलं होतं आणि हात आपोआप कडीकडे गेला होता.

"मावशी, आमचं आत्ता कुठे एक कडवं झालं," मेचे म्हणाली. अकरा वर्षांची मेचे गल्लीतल्या सगळ्या पोरांची पुढारी. "आम्ही बाहेरून जागा मागायची, तू आतून हाकलायचं. असं तीनदा. मगच दार उघडायचं. तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे गं. पण थंडी केवढी पडलीय!"

नाताळाआधीच्या नऊ रात्री गल्लीतली नऊ घरं पोरांना अशी बोलवायची. आधी रात्रीच्या आसऱ्यासाठी दारोदार हिंडलेल्या योसेफ-मरियेचं दारातलं गाणं, मग खाऊ आणि अंगणात टांगलेलं रंगीत मडकं फोडणं. आतून नाही म्हणायचं ते यजमानिणीनं एकटीनं, असा इथला नेम. म्हणूनच बारा वर्षं कंदेलारियाची पाळी चुकत आली होती. "बाई, तुझ्या तोंडून 'नाही' निघायचं नाही," बायका म्हणायच्या. "देवाच्या आईबापाला कुणी तरी आधी हाकलायला नको का?" यंदा तीनदा नाही म्हणेन, असा तिनं देवासमोर शब्द दिला, तेव्हा कुठे पाळी मिळाली होती. रोज पहाटे जपमाळ झाली की ती दारातल्या कोंबड्याला "चालता हो!" म्हणायचा सराव करी. नवव्या दिवशी कोंबडा स्वयंपाकघरात मका खात होता.

आज जमलं नाही तर पुढे पाळी कधीच येणार नव्हती. पोरांच्या आया मागे अंगणात बसून हसू दाबत होत्या.

तिनं दार लावलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती स्टुलावर बसली. बाहेर गाणं सुरू झालं. बायको दमलीय, थोडी जागा द्या, असं योसेफ गात होता.

"नाही!" कंदेलारिया ओरडली. अंगणातल्या बायका चकित झाल्या.

"जागा नाही! अजिबात नाही! ... थांबा हं, तिला शाल देते."

दार उघडलं.

"संपलं!" मेचेनं कपाळावर हात मारला. "चला रे. जिथे आपल्याला नीट हाकलतील अशा घरी जाऊ."

असं घर समोरच होतं. उर्सुलाआजीचं. तिच्या अंगणात पडलेला चेंडू कधी परत आला नव्हता. दर नाताळाला कंदेलारिया गरम तामालेंची, पानात उकडलेल्या मक्याच्या वड्यांची, थाळी घेऊन तिच्या पायरीशी उभी राहायची. आतून "नको!" एवढंच यायचं, आणि थाळी तशीच घरी यायची. बारा वर्षं.

गाढव तिकडे वळलं. पोरांनी मोठ्यानं सूर लावला.

"कोण आहे रे?" आतून खेकसणं आलं.

"मी योसेफ!"

"असशील! योसेफाला गोंदानं चिकटवलेली दाढी होती का? चालते व्हा!"

पोरांच्या अंगावर आनंदानं काटा आला. दुसरं कडवं झालं.

"बायकोला दिवस गेलेत? मग हिंदकळणाऱ्या गाढवावर कशाला बसवलीस, अकलेच्या कांद्या? आणि गाढवानं बूट कुणाचे घातलेत? चोर आहात सगळे!"

"वा, आजी!" गाढव मागच्या बाजूनं म्हणालं.

तिसऱ्या कडव्याला तर आजीनं अख्ख्या गल्लीचा उद्धार केला. पोरांनी टाळ्या पिटल्या. आया हातात पेले घेऊन बाहेर धावल्या. त्यांच्या मागे कंदेलारिया, ऊस-पेरू घालून उकळलेल्या पोंचेचा डाव तसाच हातात. यंदाची पाळी गेली, हे तिला कळलं होतं.

 तीनदा नाही म्हणून झालं होतं, पण दार काही उघडेना.

बऱ्याच वेळानं ते वीतभर किलकिलं झालं. आतून लोकरीची शाल आणि एक डोळा दिसला.

"झालं ना तीनदा? आता काय?"

"आता आत बोलवायचं कडवं, आजी," मेचे हळूच म्हणाली.

"ते मला येत नाही." आजी जमिनीकडे बघत होती. "हाकलायचं पाठ आहे. दर वर्षी खिडकीशी बसून ऐकते. मग तुम्ही आत जाता आणि दार लागतं. पुढचं ऐकूच येत नाही."

 सगळ्या माना मागे, कंदेलारियाकडे वळल्या.

"मला तेवढंच येतं," कंदेलारिया म्हणाली.

आणि हातात डाव धरून, गल्लीच्या मधोमध उभी राहून, ती लोकांना दुसरीच्या घरात बोलवायचं कडवं गाऊ लागली. दार हळूहळू पूर्ण उघडलं. गाढवाचा पुढचा भाग आत गेला, मागचा उंबऱ्यात अडकला, मरिया मधे लोंबकळली.

"पाय पुसा," आजी म्हणाली. "गाढवानंसुद्धा. चारही."

पोरं आत गेली, आयाही आत गेल्या. कंदेलारिया मात्र सवयीनं पायरीशीच थांबली.

उर्सुलाआजीनं दारातून डोकं बाहेर काढलं.

"तू का गं थंडीत उभी? तुला कधी कुणी नाही म्हटलंय का?"