काटा हो म्हणाला

काटा सत्तर किलोवर गेला आणि अख्ख्या शेतानं टाळ्या वाजवल्या!

कापसाची गाठोडी मोजायचा टांगता काटा तो; आज इंजिनाची ओढ मोजत होता. एक टोक बाभळीच्या खोडाला, दुसरं उत्तमकाकाच्या पॅरामोटरला. तीन चाकं, एक खुर्ची, पाठीशी पंखा, वर उघडायची कापडी छत्री. मागच्या खेपेला काकाचं वजन इंजिनाला झेपलंच नाही; उडायचं सोडून काका थेट कपाशीत जाऊन बसला. म्हणून आता सिलिंडर मोठा, पिस्टन मोठा. कार्बुरेटर तेवढा जुनाच.

"आज जामसांवलीच्या मारुतीले वरूनच हात जोडतो!" काका ओरडला आणि त्यानं रेस सोडली.

इंजिन लगेच खाली यायला हवं होतं. आलं नाही. तसंच वरच्या सुरात किंचाळत राहिलं, मग नाइलाजानं उतरलं.

पूनम काकाची पुतणी, इंजिन खोलण्या-जोडण्यात त्याची जोडीदार. ती पुढे धावली.

"काका, बंद करा. प्लग पाहू द्या."

"सत्तर दाखवलं ना वं काट्यानं! अजून काय पायजे तुले?"

"नारळ फुटला पोरी," भाऊराव आजोबा म्हणाले. "आता मशीन थांबवत नसतात."

कुसुमकाकूच्या हातात ओवाळणीचं ताट तसंच होतं. काट्याचा दोर सुटला. पोरांनी मागे छत्री पसरली.

पूनम सरळ पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात फाकवून.

"हट!"

"नाई हटत."

"अवं, लोकं पाहून राहिले!"

"पाहू द्या. मलेच पाहून राहिले ना?"

काकानं रागानं इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की शेजारच्या संत्र्याच्या बागेतली पाखरं ऐकू आली.

तिनं पान्यानं प्लग काढला, ओढणीत धरला. टोक चॉकलेटी असायला हवं होतं. ते राखेसारखं पांढरं होतं. आणि त्यावर बारीक चंदेरी कण.

"हे काय होय वं?" काकूनं विचारलं.

"पिस्टन," पूनम म्हणाली. "आतून वितळून राहिला. मोठ्या इंजिनले पेट्रोल जास्त लागते काकू, अन् आपला कार्बुरेटर जुन्याच हिशेबानं देते, म्हणून ते तापते. हे वर जाऊन बंद पडलं असतं."

काकूनं ताट खाली ठेवलं.

काका त्या कणांकडे बघत राहिला. मग मान वर करून संत्र्याच्या शेंड्यांकडे, त्यांच्याही वरच्या रिकाम्या आभाळाकडे.

"म्हणजे आज उडत नाई काय?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

काका खुर्चीचा पट्टा सोडायला लागला. बोटं बक्कलवरून घसरत होती. एकदा, पुन्हा एकदा. पूनम वाकली. दोघांनी मिळून दाबलं, तेव्हा कुठे ते सुटलं.