घंटेची शेळी

निवृत्त मेजर शहाजी कोटावर पदकं लावून सोलापूरला निघाले होते. कॉलेजात ‘युद्ध आणि नेतृत्व’ या विषयावर त्यांचं भाषण होतं, दरवर्षीचं तेच. पोरं टाळ्या वाजवायची, काही जण लगेच सैन्यभरतीची चौकशी करायची, आणि मेजरांना घरी येऊन नुसतं पडून राहावंसं वाटायचं. युद्धात त्यांच्या मागून टेकडी चढलेल्या जवानांपैकी कुणीच खाली उतरलं नव्हतं, हे मात्र त्या भाषणात कधी आलं नाही.

दारातच धाकटा भाऊ मायाप्पा बाजाराची मेंढरं टेम्पोत चढवत होता. एकही मेंढरू फळीवर पाय ठेवीना.

“दादा, जरा ती शेळी सोड की हिकडं.”

गळ्यात घंटा बांधलेली म्हातारी शेळी किणकिण करत फळीवरून वर गेली आणि तिच्यामागून सगळी मेंढरं मुकाट चढली. मग मायाप्पाने तेवढी शेळी खाली उतरवून घेतली.

“हिला न्हाय न्यायचं?”

“खुळा झालास का दादा? हीच खाटकाला दिली, तर म्होरल्या बाजाराला मेंढरं कोन चढवंल?”

कॉलेजचं सभागृह गच्च भरलं होतं. प्राचार्य हळूच म्हणाले, “मेजरसाहेब, तुम्ही म्हणाल तिकडे जातील ही मुलं.”

 

व्यासपीठाची पायरी चढताना छातीवरची पदकं किणकिणली, तशी मेजरांनी ती मुठीत घट्ट धरली.