पायथा

“किल्ल्यात लिफ्ट? मग किल्ला कशाला म्हणायचं, मॉल म्हणा,” जपानमधल्या त्या शुभ्र किल्ल्याच्या दारात भालचंद्ररावांनी नाक मुरडलं. आदल्या दिवशी बुद्धमंदिरात बूट काढता काढता त्यांनी तिथल्या प्राचीन खांबांची ‘लाकडाची वखार’ अशी संभावना केली होती. सह्याद्रीतले गड पायाखाली घातलेल्या या माणसाला बाकीची पृथ्वी सपाटच वाटायची.

“तू जा त्या डब्यातून. मी जिन्यानंच येतो.”

लहानपणापासून अधू असलेला गुडघा सावरत कुमुदिनी लिफ्टमध्ये शिरली. लग्नानंतरचा प्रत्येक गड तिने पायथ्याच्या देवळात, पिशव्या राखत काढला होता. तिन्हीसांजेला ते उतरून येत आणि तिच्या डोळ्यांतला प्रश्न झटकून टाकत: “वर काही नसतं गं. नुसता वारा.” त्या एका वाक्यावर तिने आपली सगळी हौस निजवली होती.

वर लिफ्टचं दार उघडलं आणि ती सज्जात आली. सज्जाखाली नदी उन्हात संथ वळत होती, छपरांच्या पल्याड डोंगरांच्या निळ्या ओळी विरत गेल्या होत्या, आणि वारा तिच्या पदरात भरला. इतकी वर्षं या माणसाने हे सारं एकट्याने पाहिलं, आणि खाली येऊन खोटं सांगितलं.

धापा टाकत ते वर पोचले. “बघितलंस? काही नाही. चल, उतरू.”

कठड्यावरचा हात तिने काढला नाही. त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“तुम्ही व्हा पुढे. खाली बसा कुठेतरी. मला वेळ लागेल.”