शेवटचा नऊ

"ही आपली गाडी नाही," मुंगी म्हणाली आणि तिने शाळेच्या दारावरच्या मावशींचा हात आणखी घट्ट धरला.

मामाने हेल्मेट काढलं. "अगं, मी आहे! मामा!"

"ते दिसतंय. पण नंबर आपला नाही."

शाळा नुकतीच सुटली होती. या शाळेची एक पद्धत होती. न्यायला आलेल्या गाडीचा नंबर मुलाने मोठ्याने वाचायचा, मगच मावशींनी हात सोडायचा. हेल्मेटच्या आत काका आहे की चोर, कुणाला कळतंय? मुंगीच्या आईने त्यावर घरचं फर्मान काढलं होतं: नंबर वाचल्याशिवाय गाडीवर बसायचं नाही, समोर कुणीही असो. पहिलीतल्या पोरीने ते फारच मनावर घेतलं होतं.

आणि मामाने नेमकं कालच नंबरप्लेटचं रूप पालटलं होतं. जुन्या पाटीवर काळं स्टिकर, त्यावर चंदेरी, तिरके, शेपट्या फुटलेले आकडे, मधले दोन तर आगीच्या ज्वाळांत गुडुप. शिवाय पाटी सीटखाली अशी वर वळवलेली, की वाचायची तर माणसाने रस्त्यावर लोळण घ्यावी. हे कायद्यात बसत नाही, पकडलं तर दंड होईल, असं दुकानदार स्वतःच म्हणाला होता. "सगळेच करतात हो," म्हणून मामाने ते हसण्यावारी नेलं होतं. ज्वाळा तर त्याने खास ताईसाठी, म्हणजे मुंगीच्या आईसाठी काढून घेतल्या होत्या. ताई अग्निशमन दलात निवडली गेली होती ना!

"मुंगे, चढ पटकन. आईची बस सुटेल."

ते मात्र खरं होतं. ताई आजच प्रशिक्षणाला निघाली होती, चांगली सहा महिन्यांसाठी. घरात तिघंच: ताई, मुंगी आणि मामा. एवढ्याशा पोरीला मामाच्या भरवशावर ठेवून जावं की निवड सोडून द्यावी, या विचाराने ताईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बस स्टँडवर निदान एक मिठी मारून निघायचं, एवढंच तिने मागितलं होतं.

मुंगीचे डोळे भरले. "मला आईकडे जायचंय," ती रडत म्हणाली. पण जागची हलली नाही.

मावशी आजच बदलीवर आल्या होत्या. त्यांनी खाली वाकून विचारलं, "तुझाच मामा ना गं हा?"

"हो. पण नंबर नाही."

"ऐकलंत?" मावशी मामाकडे वळल्या. "अहो दादा, दंड तुम्ही भराल हो. पण उद्या असल्याच पाटीवाल्याने कुणाचं पोर उचलून नेलं, तर मी पोलिसांना काय सांगू? ज्वाळा होत्या आणि शेपट्या होत्या?"

मामाचं डोकं तापलं. त्याने ताईला फोन लावला. "ताई, ही ऐकत नाहीये. तू सांग हिला गाडीवर बसायला."

पलीकडे बसच्या इंजिनाची घरघर चालू होती. "नंबर वाचता येतोय का?" ताईने विचारलं.

"तसा येत नाही, पण..."

"मग नाही बसायची ती. मी सांगितलं तरी बसू नये. तू पाटी नीट कर." आणि फोन बंद.

दोघी मायलेकी एकाच माळेचे मणी! मामा गाडीमागे उकिडवा बसला. पाटी दाबून खाली वाकवली आणि घराच्या किल्लीने स्टिकर खरवडायला लागला. वर्षानुवर्षं निघणार नाही, असं दुकानदार म्हणाला होता. तो खोटं बोलला नव्हता. किल्ली पुरेना, तेव्हा मामाने नखं लावली.

मुंगी आवंढे गिळत वाचत होती. "सात." बऱ्याच वेळाने, "चार." मग, "एक."

तिथे ती थांबली.

"नऊ!" मामा ओरडला. "शेवटचा नऊ! पाठ आहे ना तुला!"

"पाठ आहे," मुंगी नाक ओढत म्हणाली. "पण दिसत नाहीये."

मामाचे हात थांबले. पोरीच्या हनुवटीवरून पाणी टपटपत होतं. आई दोन रस्ते सोडून उभी होती, बस सुटायच्या बेतात होती. तोंडातून नऊ काढलं की सुटका. कुणी तिला खोटं ठरवलं नसतं. आपण तिच्या जागी असतो तर केव्हाच म्हणून मोकळे झालो असतो, हे मामाला पक्कं ठाऊक होतं. त्याचा राग कुठल्या कुठे पळाला. या पोरीचा त्याला फार अभिमान वाटला. तो पुन्हा खरवडायला लागला.

"नऊ!" मुंगी किंचाळली. मावशींनी हात सोडला.

ते स्टँडवर पोचले तेव्हा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. ताई बसच्या दारात खालीच उभी होती. तिने मुंगीला उचलून छातीशी धरलं. कंडक्टरने दोनदा हाक मारली, तरी तिचा पाय निघेना.

"फार रडली का रे?" तिने विचारलं.

"रडली," मामा म्हणाला. "पण बसली नाही."

ताईने त्याच्या काळ्या पडलेल्या, रक्ताळलेल्या नखांकडे पाहिलं. मग मुंगीला खाली ठेवलं आणि ती बसमध्ये चढली.