किल्लीचा आवाज
आखाती देशातल्या जबल अलीच्या टायपिंग सेंटरमध्ये बेव्हर्लीने एका अरब म्हातारीचा, वीजबिलासाठी सरकारी मदत मागणारा अर्ज भरून दिला. “खलास, अम्मा,” ती म्हणाली. म्हातारीने मोडक्या हिंदीत विचारलं, “तेरा बाबा इधर है? उसका भी भरो.” बेव्हर्ली कसंबसं हसली. “चालीस साल इधर एसी रिपेअर किया, लेकिन ये सिर्फ लोकल अरब लोग को मिलता है.” घरी पप्पा बिलाच्या धास्तीने दिवसभर एसी बंद ठेवतात, हे तिला ठाऊक होतं. रोज तिने कुलपाला किल्ली लावली की आत एसीचा बीप वाजायचा आणि घामाघूम पप्पा म्हणायचे, “सकाळपासून चालूच आहे.” आज तिने दाराबाहेरच किल्ल्या जोरात खुळखुळवल्या. आत बीप वाजला. तापलेल्या पॅसेजमध्ये घाम पुसत ती पंधरा मिनिटं उभी राहिली. मग दार उघडून म्हणाली, “पप्पा, मस्त गारय!”