वाफेआड

दोघे भाऊ दर शनिवारी सॉनाच्या वाफाळ खोलीत उघडेनागडे बसायचे. अंगाची लाज तिथे कुणालाच नव्हती, दुखण्याची होती. धाकटा रेयो सारखा लघवीला उठायचा, तेव्हा तापल्या दगडांवर ओगराळंभर पाणी ओतत थोरला तौनो चिडवायचा, "बीअर झेपत नाही तर ढोसतोस कशाला?" आज रेयो म्हणाला, "दादा, प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. हाडांपर्यंत पोचलाय." तौनोने पाणी ओतलं. वाफ दोघांमध्ये उभी राहिली. वाफेआडून रेयो पुढे म्हणाला, "डॉक्टरीण म्हणाली, वडिलांना हाच झाला असेल तर पंचेचाळिशीतच रक्त तपासायला हवं होतं. मी म्हटलं, बाबा पाठदुखीने गेले." बाबांनी मरताना तौनोला बजावलं होतं, "पाठदुखी म्हणायचं, खरं दुखणं कुणाला सांगू नकोस." तौनोने शब्द पाळला. स्वतःचं रक्त तेवढं दरवर्षी गुपचूप तपासून घेतलं. वाफ विरली. "पाठदुखीनेच गेले ना, दादा?" तौनोचं ओगराळं बादलीच्या कोरड्या तळावर खडखडलं.